बिबिश मावशीचा वाटा

फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणा अनोळखी माणसाची खालची कवळी होती, अजून मेणातली, आणि मी तिच्यात डावीकडची दाढ बसवत होते. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून धरला. "तोर्गिन, मी बिबिश बोलतेय," मावशी म्हणाली. शेहेचाळीस वर्षं ऐकतेय मी हा आवाज, तरी दर वेळी ती नाव सांगते. "अगं, काल ताईच्या वर्षाचं जेवण झालं ना? मग माझं सारकित कुठाय? सुनेनं दोनदा दार उघडून बघितलं, म्हटलं कुणी बाहेर ठेवून गेलं की काय." मी म्हटलं, "माझ्याकडेच आहे मावशी. फ्रिजमध्ये ठेवलंय. काल पाय मोडून आले होते म्हणून आले नाही, आज कामावरून सरळ तुझ्याकडे येते." किती सफाईनं म्हटलं! आवाज कापला नाही, काही नाही. "ये बाई ये," मावशी म्हणाली, "मी काल सकाळपासून चहावर आहे. म्हटलं, पहिला घास ताईच्या नावाचा पोटात जाऊ दे, मग बाकीचं. तुझ्या वहिनीनं जांबास दिलाय ना माझा?" "दिलाय." "मग झालं तर," म्हणाली आणि फोन ठेवला. मी दाढ तिरकी बसवली होती. काढून परत बसवली.

फ्रिजमध्ये काही नव्हतं. म्हणजे केफिरचं आंबट ताक होतं, चार अंडी होती, डॉक्टरणीनं सांगितलं म्हणून आणलेली सफरचंदं होती. मावशीचा वाटा नव्हता. तो काल संध्याकाळी पाच वाजता, चांगल्या लख्ख उजेडात, बसथांब्यामागच्या बाकावर बसून मी खाल्ला होता. आमच्याकडे जेवणावळीतून कुणी रिकाम्या हातानं उठत नाही. घरी जे म्हातारं, आजारी, तान्हं राहिलं असेल त्याच्यासाठी ताटातलं बांधून न्यायचं, ते सारकित. उरलंसुरलं म्हणून कुणी नाक मुरडत नाही. उलट जेवणाचा आशीर्वाद त्याच्यातूनच घरी पोचतो असं मानतात, आणि मी, दातांच्या विद्येत डिप्लोमा घेतलेली बाई, मीही मानते. मावशी मार्चपासून अंथरुणात आहे, खुबा मोडून. सख्ख्या बहिणीच्या वर्षाच्या जेवणाला तिला येता येणार नव्हतं, म्हणून जांबास, कमरेचं मानाचं हाड, मांसासकट तिच्यासाठी बाजूला काढलं होतं. पिशवीला गाठ मारून वहिनीनं वर चिठ्ठी खोचली होती, 'बिबिश अपा'. त्या चिठ्ठीचं काय झालं मला सांगता येणार नाही. हाडाचं सांगता येईल, कारण ते माझ्या पर्समध्ये आहे, कागदी रुमालात गुंडाळलेलं. आईच्या वर्षाच्या जेवणाचं हाड कचऱ्यात टाकायला हात धजेना. बाकी सगळ्याला धजला.

बाबा जेवणावळीहून परत यायचे तेव्हा मी आणि दादा दारातच त्यांच्या कोटाला लोंबकळायचो. त्यांचा तो करड्या रंगाचा कोट, उजव्या खिशात सारकित, डाव्या खिशात तंबाखू, आणि मधल्या अस्तराला भोक, त्यामुळे तंबाखू हमखास इकडे यायची. चंदेरी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, तळलेल्या कणकेचे दोनतीन बाउर्साक, रुमालात मांसाचा तुकडा. सगळ्यावर तंबाखूची पूड. आम्ही फुंकर मारून खायचो. बाबा बूट न काढता तिथंच उभे राहून आमच्याकडे बघत हसायचे. ते तिथं, चाळीस माणसांत बसून, स्वतःच्या तोंडात घास घालताना आमची आठवण काढत होते, याचा तो पुरावा होता. एवढंसं, थंड, चपटं झालेलं बाउर्साक. त्याची चव मला आजही सांगता येईल, तंबाखूसकट. मग पुढे असं काय झालं की दोनशे बाउर्साकांमधल्या एकाचीही सांगता येऊ नये? डॉक्टरणीला मी हे विचारलं नाही. तिच्याकडे गेलं की मला शहाण्यासारखं बोलायची सवय लागलीय.

तेराव्या वर्षी शाळेच्या नाचाच्या पथकात होते. बाई म्हणाल्या, "तोर्गिन, तू मागच्या रांगेत. पोशाख पुढून उसवतो तुझा." एवढंच. त्यांना काही वाईट बोलायचं नव्हतं, पोशाख खरंच उसवला होता. त्या दिवसापासून मी शाळेतून घरी येईपर्यंत काही खायची नाही. डबा मैत्रिणीला द्यायची. आणि घरी आल्यावर, आई मिठाईच्या कारखान्यातून यायच्या आत, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभ्याउभ्या जे हाताला लागेल ते. आई भांड्याचं झाकण उचलून म्हणायची, "पोरगी वाढीला लागलीय, खाऊ दे," आणि दुसऱ्या दिवशी जास्त करायची. आई म्हणजे आईच होती. तिला वाटायचं, माझं कपाट उघडणं म्हणजे तिच्या हाताचं कौतुक. लग्न झालं, मुलगी झाली, नवरा गेला (मेला नाही, गेला, शिमकेंतला, त्याचं बरं चाललंय म्हणतात), मुलगी शिकायला अस्तानाला गेली, सगळं बदलत गेलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभं राहणं तेवढं तसंच राहिलं. उलट सोय झाली. एकट्या बाईला जेवणावळीत लोक जास्त बांधून देतात. "घे गं, एकटीसाठी कुठं चूल पेटवतेस." बारसं, लग्न, सुंता, मयताचा चाळिसावा, घरभरणी, या शहरात दर आठवड्याला कुणी ना कुणी पाहुणे बोलावतंच. मी तिथं ताटासमोर बसून दोन घास खायची, बाया म्हणायच्या, "बघा, तोर्गिन किती बेतानं खाते, तरी अंगाला लागतं बिचारीच्या." मी हसायची. आणि तीन पिशव्या घेऊन घरी यायची, दाराला कडी लावायची, कोट काढायच्या आधी पहिली गाठ सोडायची. मग जे होतं त्याला खाणं म्हणत नाहीत. खाताना माणूस कुठंतरी असतो. मी कुठंच नसायची. नंतर भानावर यायची तेव्हा पोट दगड झालेलं, हात कोपरापर्यंत तुपकट, आणि समोर उलटीपालटी पडलेली पिशवी, तिच्यावर कुणाच्या तरी आनंदाची तारीख छापलेली. मग लाज. शिसारी. उद्यापासून पाणीसुद्धा मोजून प्यायचं, अशी शपथ. ती शपथ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकायची.

आई गेल्यानंतर हे रोजचं झालं, तेव्हा डॉक्टर लिगायकडे गेले. कोरियन आहे, माझ्यापेक्षा लहान, केस एकदम आखूड. पहिल्याच दिवशी मी तिला आमचा दुष्काळ सांगितला. म्हटलं, माझ्या आजीची तीन भावंडं त्या वर्षी माळावर भुकेनं गेली, माझी आई टेबलावरचा नानचा चुरा बोटानं टिपून खायची, अन्न टाकणं म्हणजे आमच्यात पाप, तेव्हा हे रक्तातच असणार. फार छान सांगितलं मी. स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज सकाळी काय खाल्लंत?" "काही नाही." "दुपारी?" "कॉफी." "मग संध्याकाळी असं होणारच ना हो. आजींचं बोलू आपण, पण आधी उद्याच्या नाश्त्याचं बोलू." इतका राग आला! मी तिला एक अख्खा दुष्काळ दिला आणि ही मला लापशीचं विचारते. पण तिनंच मला पहिल्यांदा सांगितलं की याला नाव आहे, झटके येऊन अति खाण्याचा आजार, कित्येकांना असतो, हव्यास नव्हे, आळस नव्हे, बरा होतो, हळूहळू. उपाय असा की ऐकून हसू यावं. दर तीन तासांनी खायचं, भूक असो वा नसो. वजनकाटा शेजारणीकडे ठेवायला द्यायचा. एक वही करायची, तिच्यात किती वाजता, काय, कुठं बसून, कुणाबरोबर, आधी मनात काय होतं, हे लिहायचं. आणि झटका आलाच, तर शिक्षा म्हणून पुढचं जेवण चुकवायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. बाकी मी केलं. सात महिने केलं. दर गुरुवारी वही घेऊन गेले. आठवड्यात पाच झटके होते ते दोनावर आले, मग एकावर, मग सप्टेंबरमध्ये एकही नाही. सप्टेंबरमध्ये मी कामावरून घरी येताना गुणगुणत होते, मला स्वतःला ऐकू आलं.

सारकितवरून मात्र आमचं भांडण झालं होतं. ती म्हणे, "नको म्हणा. पिशवी घेऊ नका." मी म्हटलं, "डॉक्टर, तुमचे कोरियन लोक इथं येऊन ऐंशीनव्वद वर्षं झाली, आणि तुम्ही मला सारकित नको म्हणायला सांगता? त्यापेक्षा यजमानाच्या तोंडावर थुंकते." ती हसली. मग आम्ही तोडगा काढला: घ्यायची, पण घरी न्यायची नाही, खाली चौकीदाराला द्यायची. चौकीदार खूश झाला, माझ्या तब्येतीची रोज चौकशी करायला लागला. हा तोडगा मी कितीदा पाळला! पण आम्ही दोघींनी विचार केला होता तो माझ्या पिशव्यांचा. दुसऱ्याच्या पिशवीचा कुणी विचारच केला नव्हता. दुसऱ्याची पिशवी मी उघडीन हे तिच्या मनात आलं नाही आणि माझ्याही नाही.

कालच्या दिवसासाठी डॉक्टरणीनं मला लिहून दिलं होतं, कपाटावर चिकटवलंय ते अजून: आठ वाजता नाश्ता, अकराला काहीतरी, पाहुणे जेवतील त्यांच्याबरोबर बसून जेवण. मी आठ वाजता लापशी केलीसुद्धा. मग काळा पोशाख घातला, तो मागच्या वर्षी आईच्या दिवसांना घेतलेला, आणि चेन वर सरकेना, श्वास रोखून ओढावी लागली. लापशी तशीच झाकून ठेवली. झालं ते एवढंच. दादाच्या घरी गेल्यावर बसायचा प्रश्नच नव्हता. घरची लेक ती, साठ माणसांना चहा ओतायचा, पेला अर्धाच भरायचा, परत परत भरायचा, त्याच्यात दिवस जातो. "तोर्गिन, बस की आता, दोन घास खा," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, "बसते गं, आधी म्हाताऱ्यांचं होऊ दे." केवढा मान मिळतो असं म्हणण्यात! वहिनीनं, कामशातनं, या खेपेला एक केलं होतं. मावशीनं तिला फोनवरून सांगून सांगून आईच्या पद्धतीनं कझी करायला लावली होती. घोड्याच्या बरगडीचं मांस आतड्यात भरून सगळेच करतात, पण आमची आई ती अर्चाच्या, त्या वासाच्या डोंगरी झुडपाच्या, डहाळ्यांच्या धुरात टांगायची, डोंगरावरून मुद्दाम आणायची डहाळ्या. वहिनीनं गच्चीवर तीन दिवस धूर केला, शेजाऱ्यांनी तक्रार केली. पहिली परात आत आली आणि दादानं तुकडा तोंडात घातला नि खालमानेनं बसून राहिला. थोरले काका म्हणाले, "अरे, ही तर येऊन बसलीय इथं." सगळ्यांना कळलं कोण. बायकांनी डोळे पुसले. वहिनी लाल झाली, तिला आईकडून जिवंतपणी एक शब्द चांगला मिळाला नव्हता. मी किटली घेऊन उभी होते. मी खाल्ली नाही. मला वाटलं, नंतर खाईन, शांतपणे, एक तुकडा, बसून.

निघताना वहिनीनं दोन पिशव्या दिल्या. "ही तुझी, ही मावशीची. गरम आहे तोवर पोचव गं, तिला गरमच आवडतं." माझी मी कोपऱ्यावरच्या झाडूवाल्या बाईला दिली. किती बरं वाटलं, जिंकल्यासारखं! मावशीची मांडीवर घेऊन बाकावर बसले. बस दहा मिनिटांनी होती. पिशवीची ऊब पोशाखातून मांडीला लागत होती, आणि आई गेली त्या दिवशी तिचे पाय मी असेच मांडीवर घेऊन बसले होते, ते गार होत गेले होते, आणि ही ऊब तशीच राहिली होती. गाठ नुसती सैल करावी, वाफेनं बाउर्साक ओले होतात. एवढंच करायचं होतं. एक बाउर्साक मोडला होता, तो मावशीला कसा द्यायचा? तो खाल्ला. मग एक बाजूचा. समोर कालव्याचं पाणी वाहत होतं, पिवळी पानं घेऊन. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, दार मिटलं. पुढचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. भान आलं तेव्हा मी हाड दाताखाली धरलं होतं आणि त्याच्यावर कुरतडायला काही उरलं नव्हतं. दुसरी बस येऊन गेली होती की तिसरी, कोण जाणे. एक बाई मुलाला ओढत लांबून वळसा घालून गेली. माझ्या पोशाखाची चेन मागून उसवली होती.

हे सगळं वहीत लिहायला हवं होतं. तारीख घातली, पाच वाजता असं लिहिलं, 'काय' या रकान्यात पेन टेकवलं आणि वही मिटली. सकाळचा नाश्ता चुकवला. दुपारी कवळीची मापं घेत बसले, जेवले नाही. म्हणजे परत तेच चालू आहे हे मला कळत होतं. सात महिने शिकलेलं एका रात्रीत पुसत नाही. कळूनही करत होते. साडेचारला बाजारात गेले. मांसाच्या ओळीत एक मंगोलांसारख्या गालांची धिप्पाड बाई कझी विकते, तिच्याकडून शिजवलेली घेतली. मागच्या खाणावळीतून जांबास घेतला, मांसासकट, बाउर्साक घेतले, साखरेच्या गोळ्या घेतल्या. गोळ्यांवाली म्हणाली, "पाहुणे येणार वाटतं?" मी म्हटलं, "नाही, आईच्या वर्षाचं आहे." ती एकदम गंभीर झाली, दोन्ही हात पुसून तोंडावरून फिरवले, म्हणाली, "पोचो बाई तिला." आणि वर मूठभर गोळ्या घातल्या. मला तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एका जिन्याच्या आडोशाला उभं राहून मी सगळं एका साध्या पिशवीत भरलं, गाठ मारली. चिठ्ठी लिहिली. वहिनीसारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला. आणि एवढं सगळं अन्न हातात असून, पोटात दिवसभराचा खड्डा असून, मी त्यातला एक कणही तोंडात घातला नाही, याचा मला चक्क अभिमान वाटला. घ्या! असली बाई मी.

मावशीकडे चौथा मजला, लिफ्ट नाही. सून सातपर्यंत कामावर, म्हणून किल्ली माझ्याजवळ असते. ती उशांना टेकून बसली होती, डोक्याला नवा पांढरा रुमाल बांधलेला, धुऊन इस्त्री केलेला. माझ्यासाठी नाही, पिशवीसाठी. "आलीस? हात धू. ते कापड काढ कपाटातून, चांगलं, निळं नाही, दुसरं." मी तिच्या पांघरुणावर कापड अंथरलं, आत जाऊन सगळं गरम केलं, बशीत मांडलं. "थांब, दात घालते," ती म्हणाली आणि ग्लासातली कवळी काढून तोंडात सरकवली. ती कवळी मी केलेली. चार वर्षं झाली. त्या दातांची ठेवण मी आईच्या दातांवरून घेतली होती, दोघींचे सारखेच होते म्हणून, आणि तिला ते सांगितलेलं नाही. "तू वाळलीस की सुजलीस, काही कळत नाही बाई," मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "डोळ्यांखाली काय काळं झालंय. काल रडलीस वाटतं?" "थोडी." "रडायचंच. कोण आले होते? काका उठून बसले का नीट?" मी सगळं सांगितलं, कोण आलं, कोण नाही, दादा कसा खालमानेनं बसला. ती हनुवटी हलवत होती. मग तिनं तळवे उघडले, आईसाठी दुवा मागितली, लांबलचक, मधे विसरली, परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि हात तोंडावरून फिरवले. मीही फिरवले. मग तिनं बशीतली कझीची जाड चकती उचलली, तिच्यावर चरबीचा तुकडा ठेवला आणि बोटांत धरून हात माझ्याकडे केला. "आ कर."

"मावशी, आधी तू घे."

"मोठं कोण आहे, मी की तू? म्हाताऱ्या माणसाच्या हातचा घास आहे. तुझ्या आईच्या नावाचा आहे. आ कर बघू, हात दुखतो माझा."

चरबी तिच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होती. आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात अन्नापुढे मी पहिल्यांदा मनापासून तोंड मिटलं असेन. "मावशी," मी म्हटलं, "हे तिथलं नाही. बाजारातलं आहे. तुझा वाटा मी खाल्ला."

हात तसाच राहिला. "म्हणजे?"

"काल. बसथांब्यावर."

"सगळा?"

"सगळा."

"जांबाससुद्धा?" मी पर्स उघडली, कागदी रुमाल सोडला आणि हाड कापडावर ठेवलं. तिनं चकती बशीत टाकली, बोटं रुमालाला पुसली, हाड उचललं, उलटंसुलटं करून बघितलं. "केवढं स्वच्छ केलंस," ती म्हणाली. लहानपणी हेच म्हणायच्या दोघी बहिणी, हाड चांगलं साफ करणाऱ्या मुलीला देखणा नवरा मिळतो म्हणून. मी म्हटलं, "मला आजार आहे मावशी. मी दर गुरुवारी डॉक्टरकडे जाते. खायला लागले की मला थांबता येत नाही. म्हणजे आता येत होतं. काल आलं नाही."

"खाण्याचा आजार?" ती ओरडली. म्हातारीच्या छातीत एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. "खादाडपणाला आता डॉक्टर लागायला लागले होय? आम्हाला नाही झाला कधी! काय मेलं नाव काढलंय! अगं, माझी एकच बहीण होती. एकच जेवण होतं तिचं. मी दोन दिवस तोंड बांधून बसलेय इथं, आणि तू—" पुढे तिला खोकला आला. मी पाणी दिलं. तिनं माझा हात झिडकारला, मग स्वतःच ग्लास घेतला. मी तिथंच उभी राहिले. खिडकीबाहेर धुरकं होतं, डोंगर दिसत नव्हते. तिनं ग्लास रिकामा करून खाली ठेवला. नंतर बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, मघाशी काकांची चौकशी करत होती तसा.

"बरं, खाल्लंस तर खाल्लंस. आता सांग मला. कसं होतं?"

"काय?"

"कझी गं. कामशातला मी आठवडाभर फोन करून सांगत होते, अर्चाच्याच डहाळ्या आण, दुसऱ्या नको, तीन दिवस धूर दे. ताईसारखी झाली होती का? ती मीठ जरा कमीच घालायची. धुराचा वास जिभेवर मागून यायचा, गिळल्यावर. आला का तसा?" तिनं डोळे मिटले होते. "मला नाही मिळालं, निदान तू तर खाल्लंस. नीट सांग, सावकाश."

सांगणं किती सोपं होतं. काका काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. दादा कसा बसला ते पाहिलं होतं. 'झाली होती मावशी, अगदी तशीच, आई येऊन बसल्यासारखी', एवढं म्हटलं असतं तर तिला मिळालं असतं, तिचा वाटा, थोडा तरी, आणि ते खोटंही नव्हतं. मी तोंड उघडलं. जीभ टाळूला लावून बघितली, कालपासून तिथं काही राहिलं असेल तर. मीठ, धूर, चरबी, काहीही. अख्खी पिशवी माझ्यातून गेली होती. आईच्या हातची शेवटची चव या जगात ज्या संध्याकाळी होती त्या संध्याकाळी ती माझ्या तोंडात होती, आणि मी तिथं नव्हते. डॉक्टरणीच्या वहीत याला रकाना नाही.

"मला माहीत नाही मावशी," मी म्हटलं. "गरम होतं. एवढंच माहितीय."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, मी कोण आहे हे तिला नव्यानं कळत असल्यासारखं. मग तिनं ते हाड नाकाशी नेलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं, दुसऱ्या बाजूनं, जिथं कूर्चा असते तिथं. तिनं हाड माझ्यापुढे धरलं. "माझं नाक गेलंय आता," ती म्हणाली. "तू बघ."

मी खाली वाकले आणि तिच्या हातातलं हाड हुंगलं. त्याला माझ्या पर्सचा वास येत होता.